काचेआडचा रूळ

मित्रांनो, काचेला नाक लावू नका. डाग पडतात, मग ते पुसायला एक माणूस येतो आणि पुसता पुसता फार वेळ शिट्टी वाजवतो. जरा मागे सरून उभे राहा आणि ऐका. मी एक जुना रुळाचा तुकडा आहे. अंगावर हा सोनेरी रंग असल्यामुळे तुम्हाला मी पितळेचा वाटलो असेन. पुष्कळांना तसे वाटते, काही जण तर मला हात जोडतात. पण मी साधे लोखंड आहे, आणि नमस्कार घेणे हे माझे काम नव्हे.

माझे काम ओरडण्याचे होते.

माझे तरुणपण चिंचवडच्या अलीकडे, खडीवर पडून गेले. अंगावरून मालगाड्या जायच्या. पुढे माझी एक बाजू झिजली, मला उखडून कडेला टाकले गेले आणि माझे तुकडे झाले. रेल्वेत काम करणाऱ्या एका माणसाने त्यातला हातभर तुकडा मागून घेतला, त्याला भोक पाडून घेतले आणि बैलगाडीतून आपल्या गावी आणले. गावाचे नाव मी सांगणार नाही. सांगितले तर गाव माझ्यावर रुसेल, आणि मला तर इथेच राहायचे आहे. चाकणच्या थोडे पुढे, एवढे पुरे.

चावडीसमोरच्या चिंचेला त्यांनी मला साखळीने टांगले. शेजारी पहारीचा एक तुकडा अडकवला. त्याने मला टोला दिला की माझा आवाज पार ओढ्यापलीकडच्या वस्तीपर्यंत जायचा. आग लागली, ओढ्याला पाणी आले, गावकीची बैठक भरायची झाली की मी ओरडायचो. जुन्या पाटलांनी माझ्याबाबत एक रीत घालून दिली होती. बैठक चालू असताना कोणी येऊन टोला मारला, तर त्याचे बोलणे संपेपर्यंत कोणी जागचे उठायचे नाही. पटो न पटो, बसून ऐकायचे. या रितीचा मला फार अभिमान होता. गावात माझ्याएवढा मान दुसऱ्या कोणत्याही लोखंडाला नव्हता, नांगराच्या फाळालासुद्धा!

अर्थात रीत सगळ्यांसाठी आहे असे म्हणत, तरी टोला मारायला यायचे ते पागोटेवालेच. हे माझ्या तेव्हा लक्षात आले नव्हते. ते लक्षात आणून दिले सारजाबाईने.

सारजाबाईचा नवरा धर्माजी दोन वर्षे अंथरुणाला खिळून वारला. भाऊबंदांच्या सामाईक विहिरीवर त्याची मोटेची पाळी असे. तो गेल्यावर त्याचा भाऊ चिमाजी याने बैठकीत विषय काढला, की बाईमाणूस काही मोट हाकणार नाही, तेव्हा ही पाळी माझ्याकडे द्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. सारजाबाईला कोणी विचारले नाही, बोलावलेही नाही. लोक उठण्याच्या बेतात असताना ती आली. कडेवर मुलगी होती. तिने मुलीला खाली ठेवले, पहार उचलली आणि मला असा काही टोला दिला की चिंचेवरचे कावळे उडाले.

अर्धे उठलेले लोक पुन्हा खाली बसले. काय करणार, रीत होती.

"न्हाई म्हनायचं तर म्हना," सारजाबाई म्हणाली, "पन ऐकून म्हना. बाई मोट हाकनार न्हाई म्हनता, मग दोन वरसं कोन हाकत व्हतं? मालक तर खाटंवर व्हते."

ती दोन वर्षे नवऱ्याचे पागोटे डोक्याला गुंडाळून भल्या पहाटे मोट हाकत होती. लांबून पाहणाऱ्यांना धर्माजीच वाटायचा. गावाला हे ठाऊकच नव्हते. चिमाजीने तोंड वाकडे केले. पण तो बसला होता, आणि ऐकल्यानंतर त्यालाही पाळी मागता येईना. सारजाबाईची पाळी सारजाबाईकडेच राहिली.

ती खाली ठेवलेली मुलगी म्हणजे कुसुम. त्या दिवशी ती माझ्याकडे टक लावून बघत होती, आणि आईचे बोलणे चालू असताना तिने हात उंचावून माझ्या अंगावर बोटाच्या पेराने टकटक केले. आत कोण आहे ते बघत असावी.

याच कुसुमचे हे स्मारक दाखवायला तुम्हाला आज सहलीला आणले आहे. तुमच्या बाईंनी सांगितलेच असेल, की कुसुमताई या देशातल्या नामांकित घटनातज्ज्ञ वकील होत्या. मला त्या वकील होण्याआधीपासून ठाऊक. शाळेला दांडी मारून चिंचा पाडायच्या आणि दगड चुकून मला लागला की आवाजाने पकडल्या जायच्या. पुढे पुण्याला वसतिगृहात राहून त्यांनी कायदा शिकला. मुंबईला मोठ्या न्यायालयात गेल्या, तिथून दिल्लीला. गावात आल्या की आधी माझ्याकडे यायच्या, पेराने टकटक करायच्या आणि "काय रे, आवाज बसला नाही ना?" असे विचारायच्या. मग चिंचेखाली बसून गावकऱ्यांना खटल्यांच्या गोष्टी सांगायच्या. मी त्या सगळ्या ऐकल्या आहेत.

न्यायालयात बोलायला उभ्या राहिल्या की त्या आधी समोरच्या टेबलावर पेराने टकटक करत. वर्तमानपत्रांनी त्यावर काय काय लिहिले! कोणी म्हणाले आत्मविश्वास, कोणी म्हणाले नाटकीपणा. एकदा एका न्यायमूर्तींनी विचारलेच, की आपण टेबल का वाजवता? "आमच्या गावात बोलण्याआधी वाजवावं लागतं," कुसुमताई म्हणाल्या. ही हकिकत त्यांनी इथे सांगितली तेव्हा मी वाऱ्याशिवाय हललो, असे म्हटले तर तुम्ही हसाल. हसा.

त्यांचा सगळ्यात गाजलेला खटला एका धरणाखालच्या वस्तीचा. एका सकाळी पोलीस आणून ती वस्ती हटवली होती. राहणाऱ्यांना आधी काही विचारले नव्हते. सरकारी वकील म्हणाले, त्यांना विचारून काय फरक पडला असता? वस्ती तर हटवायचीच होती. त्यावर कुसुमताई म्हणाल्या, "फरक पडला असता की नाही, हे ऐकल्यावर कळतं. ऐकण्याआधी ते कोणालाच माहीत नसतं, सरकारलाही नाही." घटनेने माणसाला जगण्याचा हक्क दिला आहे, आणि ज्याचे घर जायचे आहे त्याला आधी आपले म्हणणे मांडता आले पाहिजे, हा त्या हक्काचाच भाग आहे, असे त्यांनी दिवसचे दिवस मांडले. न्यायालयाने ते मानले. कायद्याची मुले अजून तो निकाल वाचतात म्हणे. मला मात्र त्यात सारजाबाईचाच आवाज ऐकू आला.

कुसुमताई हरल्याही पुष्कळ. हरल्या की गावात येऊन चिंचेखाली बसून राहायच्या. आई वारली तेव्हा त्या दिल्लीत एका खटल्यात उभ्या होत्या आणि इथे पोहोचेपर्यंत सगळे आटोपले होते. त्या वेळी त्या माझ्यापाशी आल्या, पण टकटक केली नाही. नुसता तळहात ठेवला. तो दिवस मला अजून सोसत नाही.

मग गाव बदलले. चाकणला कंपन्या आल्या, गावात भाड्याच्या खोल्या आल्या, दिवसभर ट्रक सुरू झाले. बैठकीची ग्रामसभा होऊन ती कार्यालयाच्या हॉलमध्ये, पंख्याखाली भरू लागली. निरोप मोबाइलवर जाऊ लागले. मला कोणी टोला मारीना. पावसात गंजायचो, उन्हात तापायचो. कुसुमताई म्हातारपणी वाकडला, एका उंच इमारतीत राहायला आल्या आणि रविवारी टॅक्सी करून इकडे यायच्या, तेवढाच माझा सण.

तुम्ही आता उभे आहात तिथे तेव्हा गायरान होते आणि त्यावर पत्र्याच्या खोल्यांची एक रांग होती. परभणी, हिंगोलीकडून कंपनीत कामाला आलेली माणसे तिथे राहत. रांगेच्या टोकाला सोजराबाईची खानावळ होती. सोजराबाई नवऱ्यामागे मुलीला घेऊन परभणीकडून आली आणि पंधरा-सोळा वर्षे शिफ्टवाल्यांना भाकरी घालत राहिली. पुढची खोली खानावळीची, मागची राहण्याची. मैत्री नावाची ती मुलगी तिथेच चुलीच्या धुरात अभ्यास करून नर्सिंगला गेली होती. कुसुमताई रविवारी सोजराबाईकडे पिठलं-भाकरी खायच्या, आणि वाकडच्या घरी जेवण मचूळ लागते अशी तक्रार करायच्या.

एकदा जेवण झाल्यावर त्या सोजराबाईला माझ्यापाशी घेऊन आल्या आणि त्यांनी तिला ती जुनी रीत सांगितली.

"तुझं मत इथं नाही, जमीन इथं नाही. पण काही झालं तर ये आणि ह्याला टोला मार. गाव ऐकून घेईल."

"कामून ऐकतील ताई मपलं?" सोजराबाई हसून म्हणाली.

"रीत आहे," कुसुमताई म्हणाल्या.

गेल्या वर्षी कुसुमताई गेल्या. दिल्लीपासून माणसे आली, भाषणे झाली. त्यात कोणीतरी सरपंचांना टोमणा मारला, की एवढी मोठी बाई आणि गावात तिच्या नावाचा दगडसुद्धा नाही. सरपंच म्हणजे गोरक्ष, त्या चिमाजीचा नातू, कुसुमताईंचा भाचा. कंपन्यांना बसगाड्या पुरवायचा त्याचा धंदा आहे. त्याला तो टोमणा लागला. मित्रांनो, गोरक्ष वाईट माणूस नाही. आत्याच्या तेराव्याला तो लहान मुलासारखा रडला होता. पहिल्या पुण्यतिथीच्या आत स्मारक झालेच पाहिजे, असे त्याने मनावर घेतले. मंत्र्यांची तारीख मिळाली. जागा ठरली गावात शिरल्याबरोबर दिसणारी, म्हणजे गायरानातली. पत्र्याची रांग मध्ये येत होती.

आणि स्मारकात आत्याचा लाडका रूळ हवाच, म्हणून त्याने मला साखळीतून काढले, टेम्पोत घातले आणि रंगवायला तळवड्याला पाठवून दिले. त्याचा हेतू चांगलाच होता. मी वाटेत खड्ड्याखड्ड्याला आदळत होतो, पण मलाही आपण नवरदेव झालो असे वाटत होते.

तळवड्याच्या एका शेडमध्ये लोखंडी वस्तूंवर पावडरचा रंग मारून भट्टीत भाजतात. आधी बारीक छऱ्यांचा मारा करून त्यांनी माझा गंज काढला. त्याबरोबर माझ्यावरचे टोल्यांचे वणही गेले, त्यात सारजाबाईचा होता. भट्टीत घालायला मला आकड्याला टांगले, तेव्हा तिथल्या ज्योतीराम नावाच्या कामगाराने सहज हातातला पाना माझ्यावर मारला. मी खणखणीत वाजलो. ज्योतीराम जागीच थांबला. तो त्याच पत्र्याच्या रांगेत राहणारा आणि सोजराबाईच्या खानावळीत जेवणारा. त्याने लगेच फोन लावला.

"मावशे, तू हुडकित होतीस ते लोखंड हितं हाय! सोनेरी कराया आणलंय."

पलीकडून सोजराबाई काय बोलली ते मला ऐकू आले नाही. पण फोन ठेवल्यावर ज्योतीरामने शेजारच्या माणसाला सगळे सांगितले, आणि ते मी भट्टीच्या तोंडाशी लटकून ऐकले. आदल्या दिवशी ग्रामसभा होती. खोल्या पाडायचा ठराव येणार, हे सोजराबाईला कळले होते. ती कपाळाला हळद-कुंकू लावून, धुतलेले लुगडे नेसून चिंचेखाली गेली. बघते तो नुसती साखळी! ती तशीच कार्यालयाच्या दारात जाऊन उभी राहिली. गोरक्ष म्हणाला, "मावशी, तुमचं मत हितं न्हाई, तुम्हाला सभेत बोलता यायचं न्हाई. ठराव झालाय आता." ती म्हणाली, "दादा, टोला माराया आले होते." यावर काही जण हसले. चहा आला होता, लोक उठले.

"रूळ उचलून नेला असता रं," ज्योतीराम म्हणाला, "पन गेटपास कोन देनार?"

मग त्याने मला भट्टीत ढकलले, कारण त्याचे ते कामच होते. त्या आकड्यावर मी शेवटचा वाजलो.

मी परत आलो तेव्हा रांग नव्हती. जेसीबीने एका सकाळी ती सपाट केली होती. पत्रे चुरगळून एका कडेला ढीग करून टाकले होते आणि मजूर घाईघाईने फरशी बसवत होते. मला ग्रॅनाइटच्या चौथऱ्यावर उभे करून खालून चार बोल्ट आवळले, भोवती सिमेंट ओतले. पहारीचा तुकडा शेजारी ठेवला. मागे संगमरवरावर सोनेरी अक्षरात वाक्य कोरले होते: 'नाही म्हणायचे तर म्हणा, पण ऐकून म्हणा.' त्याखाली कुसुमताईंचे नाव होते. सारजाबाईचे नव्हते.

पुण्यतिथीला मांडव पडला. मंत्री आले, फीत कापली. सगळे वक्ते कुसुमताईंबद्दल चांगलेच बोलले, आणि खरे तेच बोलले. त्या धरणाखालच्या वस्तीचा खटलाही एकाने फार सुंदर समजावून सांगितला. मला समोर तो पत्र्यांचा ढीग दिसत होता. त्यावर कोणीतरी हिरवे कापड टाकले होते.

राष्ट्रगीत झाले, मंत्री गाडीकडे निघाले, लोक उठले. माझी काच अजून बसायची होती. तेवढ्यात सोजराबाई गर्दीतून आली आणि सरळ माझ्यापाशी येऊन तिने पहार उचलली. मी सगळे अंग आवळले. माझ्या आयुष्यात इतक्या मनापासून मला कधी वाजावेसे वाटले नव्हते. तिने दोन्ही हातांनी टोला मारला.

थप्प.

एवढाच आवाज झाला. रूळ टांगलेला असला तरच वाजतो, मित्रांनो. पाय आवळून सिमेंटात उभा केला की तो भिंतीसारखा होतो. कोणी मागे वळून पाहिले नाही. तिने पुन्हा मारला. पुन्हा थप्प. तिच्या हातांना झिणझिण्या आल्या असतील, मला एवढेच देता आले.

गोरक्ष मात्र जवळ होता. त्याने लहानपणी माझा आवाज ऐकला होता. तो थबकला आणि माझ्याकडे असा बघू लागला, जसे घरातले माणूस ओळख विसरले की त्याच्याकडे बघतात.

"मावशी, आता कार्यक्रम हाय. नंतर बोलू आपण," तो म्हणाला, पण पाय उचलेना.

"नंतर काय बोलायचं, दादा?" सोजराबाईने पहार जागच्या जागी ठेवली. "म्या भांडाया आले नव्हते त्या दिवशी. म्या व्हय म्हणाया आले व्हते. ताईचं देऊळ व्हतंय, आमी कामून आडवं येऊ? आठ दिस द्या म्हणाया आले व्हते. समद्यांनी मिळून पत्रे खोलले असते, नटबोल्ट काढून, एकबी वाकू न देता. दुसरीकडं उभे केले असते. एवढंच सांगायचं व्हतं."

गोरक्ष ढिगाकडे वळला. त्याने त्या हिरव्या कापडाकडे पाहिले.

"मग तवाच सांगायचं की, मावशी!"

सोजराबाईने मान वळवली. ती माझ्याकडे बघत राहिली.

गोरक्ष चौथऱ्याच्या पायरीवर बसला. गाडीतून कोणीतरी त्याला हाका मारत होते, तरी तो उठला नाही. पण तेव्हा ऐकण्यासारखे काही उरले नव्हते. सोजराबाई ज्योतीरामबरोबर निघून गेली. आता ती तळवड्याच्या रस्त्याला निळ्या प्लॅस्टिकच्या कागदाखाली भाकरी करते, असे काच पुसायला येणारा माणूस कोणाला तरी फोनवर सांगत होता. पत्रे भंगारात गेले.

दुसऱ्या दिवशी माझी काच बसली आणि तिला कुलूप लागले.

तेव्हापासून मी असा आहे. मला ऊन नाही, पाऊस नाही, गंज नाही. सहली येतात, फोटो निघतात. गोरक्ष अधूनमधून एकटा येतो, पेराने काचेवर टकटक करतो आणि बराच वेळ उभा राहतो. काच वाजते, मी नाही. त्याच्या मनात काय चालते ते मला कळत नाही, पण हल्ली तो माझ्या पायातल्या बोल्टांकडे बघतो, आणि मी आशा सोडलेली नाही.

मित्रांनो, तुमच्या बाई आता शिट्टी वाजवतील, तुम्हाला बसमध्ये बसायचे आहे. जाण्याआधी जरा उजवीकडे बघा. चावडीसमोर ती चिंच दिसते ना? तिच्या फांदीला माझी साखळी अजून आहे. काढायचे कोणाच्या लक्षात आले नाही. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यापैकी कोणी सरपंच होईल, कोणी वकील, कोणी मंत्रीसुद्धा. तेव्हा माझा रंग उजळवू नका, माझ्यापुढे नारळ फोडू नका. कोणाकडून तरी मोठा पाना मागून आणा, माझे बोल्ट सोडवा आणि मला तिथे परत टांगा. सिमेंट फोडावे लागेल, चालेल, मी सोसेन.

आणि मग कधी बाहेर टोला पडला, तुम्हाला कितीही घाई असली, चहा आलेला असला, गाडी उभी असली, तरी जागचे उठू नका.